बारावीला 58 टक्के, आणि तरीही शासकीय अभियांत्रिकी

बारावीच्या पूर्वपरीक्षेत गणितात 80 पैकी 27 गुण पडले, तेव्हा ती उत्तरपत्रिका मी दोन दिवस दप्तरातच ठेवली होती. मार्च 2019 मध्ये बोर्डाची परीक्षा संपली. पुढे निकालात एकूण 58 टक्के आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांत मिळून 53 टक्के गुण आले. एवढ्या गुणांवर चांगले महाविद्यालय मिळणार नाही, असे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. त्याच वर्षी मला कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला प्रवेश मिळाला. माझ्यासारखे गुण असलेल्या मुलामुलींनी हताश होण्याआधी प्रवेशाची रीत नीट समजून घ्यावी, यासाठी हे लिहीत आहे.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पदवीसाठी बारावीचे गुण म्हणजे फक्त उंबरठा आहे. सध्या खुल्या प्रवर्गाला या विषयांत मिळून 45 टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतात; तो उंबरठा ओलांडला की गुणवत्ता यादी लागते ती एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 94 पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षेच्या आपल्या सत्रात बसलेल्यांपैकी 94 टक्के मुलांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत. हा फरक मला एप्रिलमध्ये कळला, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटले की अजून हातात काहीतरी आहे.

माझ्याकडे सुमारे सहा आठवडे होते. सीईटीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून 100 प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ 90 मिनिटे. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ तेवढाच. चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. म्हणजे निम्मे गुण गणितात, आणि माझे गणित तर कच्चे. सगळा अभ्यासक्रम पुरा करण्याचा नाद मी सोडला. सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीवर येतात, आणि माझे अकरावीचे पुस्तक जवळजवळ कोरे होते. म्हणून त्रिकोणमिती, सरळ रेषा आणि वर्तुळ ही प्रकरणे आधी घेतली, मग बारावीतले सदिश, आव्यूह आणि संभाव्यता. अवघड वाटणारी संकलनाची (इंटिग्रेशनची) प्रकरणे शेवटी ठेवली. रोज सकाळी घड्याळ लावून 50 प्रश्न सोडवायचे आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न दुपारी वहीत पुन्हा पूर्ण मांडायचा, एवढाच नेम होता. त्या चुकांच्या वहीने मला जितके शिकवले, तितके दोन वर्षांच्या शिकवणीने शिकवले नव्हते.

सीईटीत 94 च्या वर पर्सेंटाइल आले. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. ती परीक्षा म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, कॅपचा, विकल्प अर्ज; त्यात हवी ती महाविद्यालये आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. मागील वर्षीच्या कट-ऑफच्या, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणवत्तेवर झाला याच्या, याद्या मी वडूजच्या सायबर कॅफेतून छापून आणल्या आणि एका वहीत महाविद्यालय, शाखा आणि कट-ऑफ असे तीन रकाने पाडले. यादीतल्या प्रवर्गाच्या संकेताच्या शेवटी एस, एच किंवा ओ असते, तिकडे अवश्य पाहावे: एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे गृह विद्यापीठाच्या आणि ओ म्हणजे त्याबाहेरच्या मुलांच्या. बारावी कोणत्या जिल्ह्यातून झाली यावर आपले गृह विद्यापीठ ठरते. माझी बारावी सातारा जिल्ह्यातली, म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या ज्या महाविद्यालयांत एचच्या जागा होत्या, तिथे मला एचचा आकडा लागू होता. सुरुवातीला मी चुकून ओचेच आकडे पाहत बसलो होतो.

विकल्पांचा क्रम लावताना भीती बाळगू नये. संगणक आपला पहिला पर्याय आधी तपासतो, तो गुणवत्तेत बसला नाही तर दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे वर मोठी महाविद्यालये लिहिल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. मी वर पुण्याचे सीओईपी आणि सांगलीचे वालचंद लिहिले, मध्ये कऱ्हाड, आणि खाली नक्की मिळतील अशी महाविद्यालये. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो, म्हणून खरोखर हवा असेल तोच पर्याय पहिला लिहावा. शाखेपेक्षा महाविद्यालय महत्त्वाचे मानायचे की उलट, हे घरी बसून आधीच ठरवावे. मी महाविद्यालय निवडले, कारण प्रयोगशाळा आणि शासकीय शुल्क या दोन्ही गोष्टी आमच्या घराला महत्त्वाच्या होत्या.

याच काळात एका मध्यस्थाने वडिलांना गाठून व्यवस्थापन कोट्यातली जागा देऊ केली होती. वडील पैशांची जुळवाजुळव करू लागले होते. कॅपमधून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून त्या वेळी आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला निम्मे शिक्षण शुल्क माफ होत असे, आणि व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ती सवलत नव्हती, हे मी त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले, तेव्हा ते थांबले. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि राखीव प्रवर्ग असल्यास जात वैधता व लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच काढायला टाकावीत. जूनमध्ये तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

कऱ्हाडला पोहोचल्यावर पहिल्याच सत्रात गणिताने मला पुन्हा गाठले, कारण सीईटीसाठी बाजूला ठेवलेले संकलन तिथे पहिल्या आठवड्यापासून लागत होते. वसतिगृहातल्या खोलीत बारावीचे पुस्तक पुन्हा उघडून मी ते प्रकरण पहिल्या उदाहरणापासून सोडवायला घेतले, आणि या वेळी ते पूर्ण केले.