मेनिन गेटवर रात्री आठला: महायुद्धातील सैनिकांच्या स्मृतिसोहळ्यासाठी गटसहल कशी आखावी

बेल्जियममधील ईप्र या गावी मेनिन गेट नावाची एक भव्य कमान आहे. तिच्या भिंतींवर पहिल्या महायुद्धात या परिसरात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. या कमानीखाली दररोज रात्री आठ वाजता बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांच्या मानवंदनेची धून वाजवली जाते; हा रिवाज २ जुलै १९२८ रोजी सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव ताब्यात घेतले, तेव्हा हा रिवाज इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या सैनिकी दफनभूमीत पाळला गेला, आणि ६ सप्टेंबर १९४४ रोजी गाव मोकळे झाले त्याच संध्याकाळी तो पुन्हा कमानीखाली आला. कमानीवरील नावांत चारशेहून अधिक नावे भारतीयांची आहेत. तेथून बसने तासाभराच्या आत, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, नव शापेलचे भारतीय स्मारक आहे आणि त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. माजी सैनिकांची संघटना, एखाद्या गावची मंडळी किंवा सैनिकी परंपरा असलेली चार-सहा कुटुंबे एकत्र येऊन या दोन ठिकाणी जाऊ इच्छित असतील, तर त्यांनी तयारी कशी करावी, हे दोन वेळा असा गट नेलेल्या माणसाच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे.

पहिली सूचना अशी की, विमानाच्या तिकिटांची चौकशी करण्याआधी नावांची चौकशी करावी. आमच्या पहिल्या खेपेस एक निवृत्त सुभेदार आपल्या पणजोबांच्या नावापुढे उभे राहण्याच्या इच्छेने आले होते. पणजोबा ‘फ्रान्सच्या लढाईत’ गेले, असे घरात तीन पिढ्या सांगितले जात होते. नव शापेलला पोहोचल्यावर पलटणीचे नाव विचारले, तर ती ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री निघाली. ही पलटण फ्रान्सला गेलीच नव्हती. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली आणि कुट येथील वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. त्यांच्या पणजोबांची नोंद इराकमधील बसऱ्याच्या स्मारकाखाली होती. सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी नावापुढे सलामी दिली आणि ते बसमध्ये जाऊन बसले. चूक माझी होती, कारण ही शहानिशा पुण्यात बसून अर्ध्या तासात झाली असती.

ती कशी करायची ते सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या संस्थेची नोंदवही संगणकावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते. तीत सैनिकाचे नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकावरील फलकाचा क्रमांक मिळतो, आणि बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही असतो. अडचण येते ती स्पेलिंगची. पलटणीच्या कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत उतरवले, त्यामुळे आडनाव अनेकदा गळलेले असते, ‘सखाराम’ किंवा ‘गणू’ एवढेच उरते आणि ‘राव’ कधी जोडलेला असतो, कधी नसतो. जिल्हेही त्या काळचे असतात. आजचा रायगड तेथे ‘कुलाबा’ असतो आणि आजचा सिंधुदुर्ग ‘रत्नागिरी’त सापडतो. म्हणून नावावरून शोधण्यापेक्षा पलटण आणि गाव यांवरून शोधावे, आणि गावाचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून पाहावे. सातारा व रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, त्या युद्धात गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत हे सांगणारी संगमरवरी पाटी आजही आहे. तिचे छायाचित्र अवश्य काढून ठेवावे. पाटीवर नावे नसली तरी संख्या असते, आणि नोंदवहीतील शोध कोठे थांबवायचा हे त्या संख्येवरून ठरवता येते.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठा पलटणींचे बहुसंख्य मृत मेसोपोटेमियातील आहेत. पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर, आपल्या भागाशी थेट नाते सांगणारी ठळक तुकडी म्हणजे खडकीची, तेव्हाची तिसरी सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आजचे बॉम्बे सॅपर्स. तिच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७व्या शीख पलटणीबरोबर नव शापेल गावावर हल्ला चढवला, घराघरांतून झुंज दिली आणि त्यात जबर हानी सोसली. खंदक खणणारे, पूल बांधणारे हे लोक त्या दिवशी पायदळासारखे लढले. मुंबई इलाख्यातील १०७वी पायोनियर्स ही पलटणही मीरत डिव्हिजनबरोबर याच भागात होती. तेव्हा गटातील कोणाचा पूर्वज या तुकड्यांत असेल तर नाव मिळण्याची शक्यता चांगली आहे. नसेल, तर आपण कोणासाठी जात आहोत हे निघण्याआधी एकदा गटात बसून बोलून घ्यावे, म्हणजे तेथे कोणाचा हिरमोड होत नाही. ज्यांचे नाते इराककडे आहे त्यांना पुण्यातच खडकी येथील युद्ध दफनभूमीतल्या स्मारकापुढे एखाद्या सकाळी जमता येते. तेथे पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक जणांचे स्मरण केलेले आहे, परंतु ते मुख्यतः भारतात मरण पावलेल्यांचे आहे, हेही आधी सांगून ठेवावे.

यानंतर तारीख ठरवावी. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पश्चिम आघाडीवर युद्ध थांबले, म्हणून त्या दिवशी मेनिन गेटवर सकाळचा मोठा सोहळा होतो आणि कमानीच्या छतातून पॉपी या स्मरणाच्या फुलाच्या लाल पाकळ्या खाली सोडल्या जातात. दृश्य विलक्षण असते यात शंका नाही. परंतु गर्दीही तशीच असते, हॉटेले फार आधीपासून भरतात आणि आपल्यासारख्या पाहुण्या गटाला कमानीच्या आत उभे राहायला जागा मिळेलच असे नाही. शिवाय नोव्हेंबरचा दुसरा आठवडा कधी कधी दिवाळीला येऊन भिडतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि अशा वर्षी घरातील बायकामाणसे तर सोडाच, सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थही यायला राजी होत नाहीत. माझे मत विचाराल तर मार्चचा दुसरा आठवडा निवडावा. नव शापेलची मोठी लढाई १० ते १३ मार्च १९१५ या दिवसांत झाली आणि तीत हल्ला करणाऱ्या सैन्यापैकी जवळजवळ निम्मे भारतीय होते. सकाळी नव शापेल आणि त्याच रात्री मेनिन गेट, असा दिवस तेव्हा अर्थपूर्ण होतो आणि गर्दीही बेताची असते.

मेनिन गेटवर गटाच्या वतीने पुष्पचक्र वाहायचे असल्यास सोहळा चालवणाऱ्या लास्ट पोस्ट असोसिएशनकडे आधी अर्ज करावा लागतो. तारीख नक्की होताच, म्हणजे काही महिने आधीच, तो करावा, त्यात गटाची ओळख दोन-तीन वाक्यांत द्यावी आणि उत्तर आल्यावर त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. पुष्पचक्र तेथेच मागवावे. झेंडूचा हार येथून नेण्याचा मोह होतो, कारण भारतात अलीकडे स्मरणाचे फूल म्हणून झेंडू पुढे येत आहे. मात्र ताजी फुले युरोपीय संघात नेण्यास वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि ते नसेल तर हार विमानतळावरच राहतो. आम्ही दुसऱ्या खेपेस कापडी झेंडूंची माळ नेली आणि ती पॉपीच्या चक्राभोवती गुंडाळली. तेथील मंडळींनी आपण होऊन चौकशी केली आणि त्यांना ती कल्पना आवडली.

प्रत्यक्ष सोहळा असा असतो. आठच्या आधी पोलीस कमानीखालची वाहतूक थांबवतात. गावच्या अग्निशमन दलाशी नाते असलेले बिगुलवादक रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहतात. बिगुल वाजतो, स्मरणाच्या ओळी म्हटल्या जातात, मिनिटभर शांतता पाळली जाते, मग पुष्पचक्रे वाहिली जातात आणि शेवटी पुन्हा बिगुल वाजतो. टाळ्या वाजवायच्या नसतात. ही गोष्ट गटाला निघण्यापूर्वी एकदा आणि बसमध्ये पुन्हा एकदा सांगावी, कारण आपल्याकडे कार्यक्रम संपला की हात आपोआप वर जातात. घोषणाही देऊ नयेत. पुष्पचक्र घेऊन दोघे-तिघेच पुढे जातात. ते कोण असावेत हे गावीच ठरवावे, आणि वयाने ज्येष्ठ व्यक्तीबरोबर एक तरुण हात असावा, कारण अंधारात पायऱ्या चढाव्या लागतात. पदके लावण्याचा तेथील संकेत असा आहे की, स्वतः मिळवलेली पदके डाव्या छातीवर आणि वाडवडिलांची उजव्या छातीवर लावतात. चांगली जागा हवी असेल तर सातच्या सुमारास पोहोचावे. नीट उभे राहता येत नाही अशांसाठी घडीची छोटी स्टुले बरोबर घ्यावीत. सोहळा आटोपल्यावर लगेच बसकडे वळू नये. कमानीला लागून असलेल्या तटबंदीवर भारतीय सैनिकांचे वेगळे स्मारक आहे, तेथे गटाला पाच मिनिटे निवांत मिळतात आणि ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांना ते तेथे म्हणता येते.

आठ वाजण्याच्या या वेळेवर साऱ्या दिवसाचे गणित बसवावे लागते, आणि प्रवासी कंपन्या नेमके तेथे चुकतात. आमच्या पहिल्या सहलीच्या छापील कार्यक्रमात आठ वाजता ‘भारतीय पद्धतीचे रात्रीचे जेवण’ होते आणि तेही दुसऱ्या शहरात! युरोपीय संघात बसचालकाला दिवसाकाठी ठरावीक तासांची सलग विश्रांती द्यावीच लागते, ती साधारणपणे अकरा तासांची असते आणि साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबणे बंधनकारक असते. बस सकाळी आठला निघाली तर तिचा दिवस रात्री नऊला संपतो. म्हणून सोहळ्याच्या दिवशी बस उशिरा काढावी, किंवा मुक्कामच ईप्रमध्ये कमानीपासून पायी अंतरावर ठेवावा. मी दुसरा पर्याय सुचवतो आणि तेथे किमान दोन रात्री ठेवाव्यात असे म्हणतो. रस्त्यावरील पाट्या डच भाषेत असतात, त्यामुळे ईप्र हे ‘ईपर’ म्हणून दिसते आणि फ्रान्समधील लील शहर ‘रायसेल’ होते. गटप्रमुखाने ही नावे वहीत लिहून ठेवावीत.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच, लागतो. ज्या देशात अधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून वरीलप्रमाणे आखणी असल्यास तो बेल्जियमकडे करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतले जातात. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३० हजार युरोचे हवे, आणि सत्तरीपुढच्या सदस्यांच्या विम्याची चौकशी सर्वांत आधी करावी, कारण खर्चाचा अंदाज तेथेच कोलमडतो. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ वसूल होणारा कर, कापला जातो, तो पुढे आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे पेन्शनर मंडळींना आधी समजावून सांगावे.

खाण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. दूध व मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खव्याची बर्फी आणि तुपाचा डबा घरीच ठेवावा आणि चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चटणी न्यावी. आणि बेल्जियमची बटाट्याची फ्राईज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी गाडीवर विचारूनच घ्यावीत.

नव शापेलला मात्र घाई करू नये. हर्बर्ट बेकर यांनी आखलेले हे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले. गोल अंगण, जाळीदार कठडा आणि सुमारे पंधरा मीटर उंचीचा, कमळ माथ्यावर घेतलेला स्तंभ पाहून मनात आपल्याकडची देवळे येतात. स्मारक चौरस्त्यालगत शेतात आहे, आसपास चहाची टपरी नाही, तेव्हा प्रसाधनगृहाची सोय वाटेतच उरकावी. नावे पलटणीनुसार व हुद्द्यानुसार लावलेली आहेत, त्यामुळे फलक क्रमांक जवळ असला तर शोधायला पाच मिनिटे पुरतात. येथे हिंदू सैनिकांच्या समाध्या शोधू नयेत, या भिंतीवर नावेच आहेत. आमच्या गटातील एका आजींनी पदराच्या गाठीतून हळदकुंकू काढले, तेव्हा त्यांना थांबवणे मला जड गेले. पण त्या दगडात कुंकवाचा डाग कायमचा बसतो. त्यांनी मग कागदावर कुंकू घेऊन तो नावाखाली जमिनीवर ठेवला, फोटो काढून होईपर्यंत थांबल्या आणि कागद घडी करून परत गाठीत बांधला. उदबत्ती, निरांजन आणि नारळ यांच्या बाबतीतही हाच नियम ठेवावा, आणि नाव पेन्सिलने कागदावर घासून उठवण्याचा प्रयत्न करू नये.

प्रत्येक नावाचा फोटो दोन अंतरांवरून काढावा, एक जवळून आणि एक पूर्ण फलक दिसेल असा. परतल्यावर तो छापून, खाली पलटण, तारीख व फलक क्रमांक लिहून त्या सैनिकाच्या गावी पाठवावा. पत्ता ग्रामपंचायतीचा घालावा आणि सोबतच्या चिठ्ठीत तो गावच्या संगमरवरी पाटीशेजारी लावण्याची विनंती करावी.