महिदपूरच्या रणात उतरण्याआधी

इंदूरच्या मंडळींनी मैदानात देखावा म्हणून महिदपूरची लढाई उभी करायची ठरवली, तर सर्वांत आधी वाचायला बसावं. २१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी होळकरांची फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी भिडली आणि हरली. आपल्याला विजयाचे देखावे करायची सवय आहे. इथे पराभव दाखवायचा आहे, आणि शेवट गोड करण्यासाठी त्यात काही बदलू नये. गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव होते. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना लढाईच्या आदल्याच दिवशी मारलं गेलं होतं. पुढे ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूर राजधानी झालं. एवढं तरी प्रत्येकाला तोंडपाठ हवं, कारण बघायला आलेली मुलं तुम्हालाच विचारणार आहेत.

मग भूमिका ठरवा. सगळ्यांनाच घोडेस्वार व्हायचं असतं, मल्हाररावांची बहीण भीमाबाई होळकर यांच्या मागे दौडायचं असतं. पण या लढाईत मान गोलंदाजांना, म्हणजे तोफा डागणाऱ्यांना, द्यायला हवा. शिप्रेचा उतार ओलांडणाऱ्या शत्रूवर होळकरांच्या तोफांनी भयंकर मारा केला, आणि संगिनी अंगावर येईपर्यंत हे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. म्हणून तोफेजवळ उभं राहायला तुमची सर्वांत शिस्तीची माणसं ठेवा. कंपनीच्या बाजूनेही मनापासून उभं राहणारे हवेत. कंपनीकडचे हिस्लॉप मद्रासच्या फौजेचे सेनापती होते आणि त्यांचे बहुतेक शिपाई आपल्याच देशातले, पोटासाठी पलटणीत गेलेले. लाल कोट घातला म्हणून त्यांना खलनायक करू नका. होळकरांचे सरदार गफूरखान यांच्याबद्दल फितुरीच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यावर टाळ्या मिळवणारी वाक्यं तर मुळीच नकोत. होळकरांच्या तोफखान्यावर रोशन बेग होते, हे ज्याला ठाऊक आहे तो धर्मावरून बाजू मांडणार नाही. घोषणाही त्याच भानाने ठरवा. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ होळकरांच्या घराची आहे, ती जरूर द्या; पण सगळ्या फौजेच्या तोंडी ती एकच घोषणा नको, कारण फौज एका जातीधर्माची नव्हती.

कपड्यांवर माझा सर्वांत जास्त जोर आहे. चकचकीत साटीन, जरीच्या तयार पगड्या, नाटकाच्या भाड्याच्या पेटीतले शिवकालीन पोशाख, यातलं काही चालणार नाही. ही लढाई १८१७ ची आहे, शिवाजी महाराजांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी झालेली. क्लॉथ मार्केटमधून जाडंभरडं सुती कापड घ्या. अंगरखा, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला बांधलेलं मुंडासं. पांढरंशुभ्र नको, चार वेळा धुऊन उन्हात विटू द्या. बंद लावा, बटणं, चेन, वेल्क्रो नको. डिसेंबरात माळव्यातली सकाळ बोचरी असते, म्हणून आतून कापूस भरलेली बंडी घाला, वरून स्वेटर नको. होळकरांच्या कंपूच्या, म्हणजे कवायती पलटणींच्या, पायदळाला कवायती शिस्तीने शिकवलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या रांगा सरळ हव्यात आणि बंदुका चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या. मुंडासं बांधायला आधी दहा जणांसमोर शिका. मैदानात सुटलेलं मुंडासं पायात आलं की माणूस पडतो. घड्याळ आणि मोबाइल तंबूतच ठेवा. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर चष्मा लावाच, दोरीने मागे बांधा. डोळ्यांपुढे अस्सलपणाचा हट्ट करू नका.

हत्यारांची धार आणि टोक दोन्ही बोथट करून घ्या, कडेवर बोट फिरवून खात्री करा. नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. म्हणून प्रशासनाची लेखी परवानगी हातात ठेवा आणि तलवारी बंद पेटीतून न्या, मोटारसायकलवर मिरवत नाही. जागा संरक्षित स्मारकाजवळची असेल तर पुरातत्त्व विभागालाही विचारा. बंदुकीची दारू घरी कुटायची नाही, कोणी कितीही जाणकार असो. तोफेसाठी धुराचं यंत्र आणि ध्वनी पुरे. चेहऱ्यावर वार नाही, भोसकणं नाही, वार खांद्याच्या खाली आणि आधी ठरवलेलाच. ‘थांबा’ हा शब्द फक्त खऱ्या दुखापतीसाठी राखून ठेवा. तो कोणीही उच्चारला की दोन्ही फौजा जागच्या जागी थांबल्या पाहिजेत.

पडण्याची तालीम वेगळी घ्या. हत्यार शरीरापासून दूर टाकायचं, कुशीवर पडायचं, डोकं हातात घ्यायचं, आणि घोडे असतील तर त्यांच्या वाटेत कधीच नाही. पडल्यावर हसू नका, मित्राला खूण करू नका, मेलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून फोटो काढू देऊ नका. महिदपूरला कंपनीकडचेच आठशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले आणि होळकरांकडचे त्याहून कितीतरी अधिक. त्यांची नावंही उरली नाहीत.

पाणी, ओआरएस, पट्ट्या आणि डॉक्टर यांची सोय आयोजक करतीलच. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र आपापलं आधी घेऊन या. आणि माप द्यायला दिवाळीआधी जा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, मग शिंपी अंगरख्याला हात लावत नाहीत.