प्रवासात काही बरंवाईट झालं तर? सतत फिरणाऱ्यांनी या चुका टाळा

वर्षातले शंभर-दीडशे दिवस बाहेर असणारी माणसं सहसा निष्काळजी नसतात. त्यांच्याकडे विमा असतो, पासपोर्टच्या प्रती असतात, काहींनी मृत्युपत्रही करून ठेवलेलं असतं. अडतं ते पुढे. ही सगळी तयारी प्रवाशाच्या स्वतःच्या ताब्यात असते आणि गरज पडते तेव्हा नेमका तोच बेशुद्ध असतो, बेपत्ता असतो किंवा हयात नसतो. त्यामुळे आपली कागदपत्रं तपासताना एकच प्रश्न विचारा. मला फोन उचलता आला नाही, तर हे कोण वापरणार आणि कसं?

सगळ्या किल्ल्या एकाच फोनात

बँकेचा ओटीपी, ईमेलची पडताळणी, विम्याचं ॲप, पासवर्ड मॅनेजर असं सगळं एकाच फोनवर येतं आणि तो फोन प्रवासात सोबत असतो. तो फुटला किंवा हरवला की घरच्यांना साधा पॉलिसी नंबरही सापडत नाही. म्हणून ईमेल आणि पासवर्ड मॅनेजरचे रिकव्हरी कोड (फोन नसतानाही खातं उघडून देणारे आकडे-अक्षरांचे संच) कागदावर छापून बंद पाकिटात घरी ठेवा. पाकीट कुठे आहे हे दोघांना माहीत असू द्या, एकालाच नको.

गुगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसांना (जास्तीत जास्त १०) तुम्ही ठरवलेली माहिती मिळते. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ (मृत्यूनंतर तुमचं खातं पाहू शकणारी माणसं) म्हणून ५ जणांपर्यंत नेमता येतात. पण तिथे मृत्यूचा दाखला आणि नेमताना तयार होणारा, तुम्ही त्यांना आधी दिलेला कोड (ॲक्सेस की), दोन्ही लागतात. नाव नेमून की पोहोचवायची राहिली, तर काम अर्धवटच राहतं.

मृत्यूनंतर खर्च नको म्हणून घरचे लगेच सिमकार्ड बंद करतात, तेही टाळा. ईमेल, विमा, भाडेकरार, वर्गण्या यांच्या सूचना त्याच नंबरवर येत असतात. नंबर काही महिने चालू ठेवा. मात्र त्यावर आलेला ओटीपी वापरून मृत व्यक्तीच्या खात्यातून पैसे काढू नका. पैसे काढण्यामागचा हेतू कितीही खरा असला, तरी पुढे वारसांच्या वादात ते अंगाशी येतं.

मुखत्यारपत्र आहे, पण चालत नाही

बँकेत मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) दाखवली आणि काउंटरवरून परत पाठवलं, असं झालं तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं.

पहिलं म्हणजे, माणूस कोमात आहे. इंग्लंडच्या कायद्याच्या धर्तीवर चालणाऱ्या अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निष्प्रभ होतं, म्हणजे गरज असते तेव्हाच. काही देशांत यासाठी वेगळा, टिकाऊ प्रकार आहे. इंग्लंड-वेल्समध्ये त्याला ‘लास्टिंग’, तर अमेरिकेत ‘ड्युरेबल’ म्हणतात. तुम्ही जिथे राहता तिथे तशी सोय आहे का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. नसेल तर संयुक्त खातं, किंवा घरखर्चापुरती रक्कम जोडीदाराच्या नावावर, एवढं तरी आधीच करून ठेवा. दुसरं म्हणजे, माणूस गेलेला आहे. मुखत्याराचे अधिकार सर्वसाधारणपणे मृत्यूबरोबर संपतात. तिथून पुढे अधिकार मृत्युपत्रातल्या एक्झिक्युटरचे (मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या व्यक्तीचे) किंवा वारसांचे. तिसरं कारण, कागद परदेशात झालेला आहे. नोटरीचा शिक्का दुसऱ्या देशात आपोआप ग्राह्य धरला जात नाही. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत त्यावर अपॉस्टिल (कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) लागतं. हा करार आज १२० हून जास्त देशांत लागू आहे. बाकी देशांत वकिलातीमार्फत साक्षांकन करून घ्यावं लागतं. हे काम निघण्यापूर्वी करा.

उपचारांचे निर्णय कोण घेणार, यासाठी बऱ्याच ठिकाणी वेगळा दस्तऐवज असतो. आर्थिक मुखत्यारपत्रावर डॉक्टर सही स्वीकारतीलच असं धरून चालू नका.

एका देशातलं मृत्युपत्र दुसऱ्या देशातलं रद्द करतं

दोन देशांत मालमत्ता असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. परदेशात घर घेतलं की तिथला वकील तेवढ्यापुरतं मृत्युपत्र करून देतो. त्याच्या मसुद्यात सुरुवातीलाच छापील वाक्य असतं: ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे.’ सही झाली की मूळ देशात केलेलं मृत्युपत्रही गेलं, आणि नव्यात तर फक्त त्या एका घराचा उल्लेख आहे. उरलेल्या मालमत्तेची वाटणी मग मृत्युपत्र नसल्यासारखी होते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक मृत्युपत्रात ते कोणत्या देशातल्या मालमत्तेपुरतं आहे हे लिहा, दुसऱ्याचा तारखेसह उल्लेख करा आणि रद्द करण्याचं वाक्य तेवढ्यापुरतंच मर्यादित ठेवा. आधीच चूक झाली असेल, तर जुनं मृत्युपत्र आपोआप जिवंत होईल या भरवशावर राहू नका. दोन्ही देशांच्या वकिलांना एकमेकांचे मसुदे दाखवून नव्याने सह्या करा.

यात आणखी एक मेख आहे. जमीन आणि घर यांना साधारणपणे ती जिथे आहेत तिथला कायदा लागतो, पण युरोपीय संघात नियम वेगळा आहे. १७ ऑगस्ट २०१५ पासून झालेल्या मृत्यूंसाठी तिथल्या बहुतेक देशांत, व्यक्ती शेवटी नेहमी जिथे राहत होती त्या देशाचा कायदा संपूर्ण वारशाला लागू होतो (डेन्मार्क आणि आयर्लंड यातून बाहेर आहेत). त्याऐवजी स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो, पण ती निवड मृत्युपत्रात लिहायला हवी. फ्रान्ससारख्या देशात मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखीव असल्यामुळे हे एक वाक्य फार मोलाचं ठरू शकतं.

मूळ प्रतीबद्दल थोडक्यात. ती फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला वारसा सिद्ध करावा लागतो आणि वारसा सिद्ध करायला मृत्युपत्र लागतं, असा पेच पडतो. मोबाइलमधल्या स्कॅनने मूळ प्रतीची गरज भागत नाही.

दोघं एकाच विमानात

मुलांचे पालक म्हणून मृत्युपत्रात एकमेकांचीच नावं, आणि प्रवासही एकत्रच. तिसरं नाव लिहाच, त्यालाही काही अडचण आली तर चौथंही. ते नाव दूरच्या शहरातल्या माणसाचं असेल, तर तो पोहोचेपर्यंत पहिले दोन दिवस मुलांना कोण सांभाळेल, त्याच्याकडे शाळेचं संमतिपत्र आणि उपचारांची परवानगी आहे का, हेही ठरवा. मोठ्या तरतुदीच्या नादात नेमके हेच दोन दिवस विसरले जातात, आणि मुलांसाठी ते सगळ्यांत कठीण असतात.

विम्यात काय पाहायचं

वर्षभराच्या ‘मल्टी-ट्रिप’ पॉलिसीत एका प्रवासाच्या दिवसांना मर्यादा असते. ती संपली की वार्षिक पॉलिसी चालू असूनही संरक्षण नसतं. मुक्काम वाढवण्याआधी हे बघा. जुने आजार लपवू नका. आणि रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी, ते शक्य नसेल तर लगेच नंतर, विमा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन झालाच पाहिजे, नाहीतर दावा अडकतो. तो नंबर सोबतच्या प्रवाशाकडेही हवा.

वकिलातीकडून काय मिळतं

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी नागरिकाच्या मृत्यूची माहिती स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याच्या वकिलातीला विनाविलंब द्यायची असते. वकिलात नातेवाइकांना कळवते, कागदपत्रांत मदत करते. रुग्णालयाचं बिल मात्र ती भरत नाही, त्यामुळे विम्याला पर्याय म्हणून तिच्याकडे पाहू नका. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती तिथेच जास्त मागून घ्या, कारण परत आल्यावर त्या मिळवायला महिने जाऊ शकतात.

अनेक पासपोर्टांत आपत्कालीन संपर्काची जागा असते. ती बऱ्याचदा कोरी असते किंवा तिथे जोडीदाराचं नाव असतं, आणि जोडीदार शेजारच्या सीटवर. तिथे आणि फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या ‘मेडिकल आयडी’त (फोन अनलॉक न करता दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीत), तुमच्यासोबत प्रवास न करणाऱ्या माणसाचा नंबर लिहा, देशाच्या कोडसह.