जँगोत पट्टी अर्धवट राहू नये म्हणून

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीसाठी जँगोत (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचं, ॲप केलं. रव्यांचं वजन नोंदलं गेलं, पुढच्याच ओळीत एरर आली आणि शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम चढलीच नाही. जँगो मुळात प्रत्येक क्वेरी लगेच कमिट करतो, म्हणजे डेटाबेसमध्ये कायम करतो, त्याचा हा परिणाम. सेटिंग्जमध्ये, डेटाबेसच्या नोंदीतच, 'ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स' ट्रू करा. मग व्ह्यूमधून (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनमधून) एक्सेप्शन, म्हणजे एरर, बाहेर पडलं की त्या रिक्वेस्टमधलं सगळंच रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेतलं जातं. पण तेच एक्सेप्शन व्ह्यूत ट्राय-एक्सेप्ट लावून गिळलंत, तर अर्धवट नोंद कमिट होऊ शकते. इथं फार जपा. शेतकऱ्याला जाणारा एसएमएस 'ऑन_कमिट'मध्येच (कमिट झाल्यावरच चालणाऱ्या कोडमध्ये) टाका, नाहीतर पट्टी रद्द होते आणि मेसेज मात्र गेलेला असतो. नुसता रिपोर्ट दाखवणाऱ्या जड व्ह्यूला 'नॉन_ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स' डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खूण) लावा, म्हणजे त्याला ही सेटिंग लागू होत नाही.