कोरलमधून थेट कटिंगला? आधी या चुका टाळा

माझ्याकडे सीएनसी राउटर आहे, म्हणजे संगणकाच्या हुकमावर फिरत्या बिटनं (कापणाऱ्या हत्यारानं) पाट्या कापणारं मशीन. परवा पुन्हा एक मुलगा कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पाटी पेनड्राईव्हवर घेऊन आला. "काका, फाईल रेडी आहे, फक्त जी-कोड काढून द्या." जी-कोड म्हणजे मशिनला कसं फिरायचं ते सांगणाऱ्या आज्ञा. स्क्रीनवर काळीभोर, देखणी अक्षरं. मी वायरफ्रेम (रंग काढून फक्त कडा दाखवणारं दृश्य) लावून बघितली आणि पेनड्राईव्ह परत दिला.

अक्षरांचे आकार एकमेकांत न जोडता तसेच ठेवायचे, देवनागरीत ही चूक सगळ्यात महाग पडते. टेक्स्ट कर्व्हमध्ये (टाईप केलेल्या अक्षरांऐवजी नुसत्या रेषांच्या आकारात) बदललं की अक्षर, काना, वेलांटी असे सुटे आकार होतात आणि शिरोरेषेवर एकमेकांवर चढून बसतात. रंग भरलेला असला की ते दिसत नाही. मशिनला रंग कुठला? त्याला फक्त कडा कळतात. एका अक्षराच्या बाहेरून फिरणारा बिट शेजारच्याच्या शिरोरेषेतून आरपार जातो. माझ्या हातूनही ८ मिमी ॲक्रिलिकची 'श्रीकृपा' अशीच गेली. सायकल स्टार्ट (मशीन चालू करायचं बटण) दाबून मी चहाला गेलो, हीसुद्धा चूकच. परत येऊन बघतो तर शिरोरेषेचे तुकडे पडलेले आणि पा चा काना बेडच्या कडेला. दुसऱ्या दिवशी त्या घराची वास्तुशांत होती. रात्री नवीन शीट कापलं, अर्थात माझ्या खर्चानं.

तेव्हापासून आधी वेल्ड, म्हणजे सगळे आकार जोडून एकच कड (इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये युनियन), मग वायरफ्रेम, मग झूम करून एकेक सांधा बघायचा. मात्र सगळं ब्रेक अपार्ट करून (प्रत्येक कड सुटी करून) वेल्ड मारू नका, प च्या पोटातलं भोकही बुजतं.

दुसरा घोळ मापांचा. इंकस्केपनं २०१७ साली ०.९२ आवृत्तीत एका इंचातले पिक्सेल ९० वरून ९६ केले. जुनी फाईल ९६ धरणाऱ्या कॅममध्ये (डिझाईनवरून जी-कोड काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) गेली, की ६०० मिमीची फळी ५६२.५ ची होते. डीएक्सएफ प्रकारच्या फाईलमध्ये तर एककाचा पत्ताच नसतो कधीकधी. मी डिझाईनच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन काढतो आणि कॅममध्ये तो मोजतो. ९३.७५ आले तर पिक्सेलचा गोंधळ, २५४० आले तर मिलिमीटरला कुणीतरी इंच समजलंय. माप जुळलं की चौकोन पुसायचा आणि जी-कोडच्या सुरुवातीला जी२१ (मापं मिलिमीटरमध्ये धरायची आज्ञा) आहे का बघायचं.

बाकीचं थोडक्यात. उघडा राहिलेला पाथ (टोकं न जुळलेली रेषा) पॉकेटला (आतला भाग कोरून खोल करायला) चालत नाही. ६ मिमीचा बिट रेषेवरच चालवला तर दोन्ही बाजूंनी ३ मिमी खातो, म्हणून ऑफसेट (बिट रेषेपासून बाजूला सरकवायचं अंतर) कॅममध्येच द्या. मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्रॅमला हे अंतर आपोआप धरायला लावणाऱ्या जी४१-जी४२ या आज्ञा समजत नाहीत. आतली भोकं आधी, बाहेरचा घेर शेवटी, आणि टॅब (तुकडा निसटू नये म्हणून न कापलेले छोटे सांधे) ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला लोगो ऑटो-ट्रेस करून (सॉफ्टवेअरकडून कडा काढवून) आणू नका. रेषेवर हजारो नोड (बिंदू) येतात आणि वळणावर मशीन थरथरतं. त्यापेक्षा हातानं ट्रेस करा. अर्धा तास बसायची तयारी नसेल तर हा धंदा नको.

पहिला जॉब मी झेड (बिटची उंची) २० मिमी वर धरून हवेत चालवतो. पोरं हसतात.

तो मुलगा संध्याकाळी वेल्ड करून आला. रफार तेवढा सुटा राहिला होता.