खुब्याच्या वाटीच्या शस्त्रक्रियेनंतरचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन कसे करून घ्यावेत

लोकलमधून पडून, दुचाकीच्या अपघातात किंवा बांधकामाच्या परांचीवरून कोसळून पेल्व्हिस (कमरेखालचे हाडांचे कडे) अथवा खुब्याची वाटी (मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती खोबण) मोडलेले रुग्ण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना नवे नाहीत. प्लेट आणि स्क्रू बसवून शस्त्रक्रिया पार पडली की घरच्यांना मुख्य काम संपल्यासारखे वाटते आणि त्यानंतरचे एक्स-रे केवळ सोपस्कारापुरते उरतात. प्रत्यक्षात पुढच्या वर्षभरातला प्रत्येक फोटो एका ठरावीक प्रश्नासाठी काढलेला असतो: हाडे जागेवर बसली का, बसली तशीच राहिली का, जुळून आली का आणि सांधा शाबूत आहे का. म्हणून ओपीडीत चिठ्ठी हातात पडली की संकोच न करता विचारावे, “डॉक्टर, या वेळी तुम्हाला फोटोत नेमके काय पाहायचे आहे?” उत्तर मिळाले की कोणता फोटो आणि किती कोनांतून, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घेता येते.

हे लिहून घेणे फार महत्त्वाचे आहे. माझ्या मामांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पेल्व्हिस एक्स-रे’ असे लिहिले होते. घराजवळच्या केंद्रात समोरून एकच फोटो निघाला, दोन दिवसांनी तो पाहून सर्जन म्हणाले की यावरून वाटीची मागची भिंत कळत नाही, आणि वॉकरवरच्या माणसाला टॅक्सीत घालून पुन्हा तीच फेरी करावी लागली. समोरून काढलेला फोटो, ज्याला एपी व्ह्यू म्हणतात, तो पायाभूत असला तरी बहुधा पुरेसा नसतो. वाटी मोडलेली असेल तर रुग्णाला एकदा एका आणि एकदा दुसऱ्या कुशीकडे ४५ अंश वळवून आणखी दोन फोटो घेतात. रॉबर्ट आणि जाँ ज्युडे हे बंधू आणि एमिल लेतूर्नेल या फ्रेंच सर्जनांनी १९६४ मध्ये वाटीच्या अस्थिभंगांचे जे वर्गीकरण मांडले, ते याच फोटोंवर उभे आहे, आणि आजही त्यांना ज्युडे व्ह्यू असेच म्हणतात. दुखऱ्या बाजूखाली उशी देऊन ती उचलली की वाटीचा पुढचा स्तंभ (वाटीला पेलणारा हाडाचा जाड पट्टा) आणि मागची भिंत दिसते. चांगली बाजू उचलली की मागचा स्तंभ आणि पुढची भिंत दिसते. पेल्व्हिसचे कडे मोडले असेल तर मात्र रुग्णाला वळवत नाहीत, यंत्राची नळी तिरकी करतात. डोक्याच्या बाजूने पायांकडे किरण सोडले की तो इनलेट व्ह्यू, त्यात हाड पुढे-मागे सरकले आहे का ते कळते. पायांकडून डोक्याकडे सोडले की आउटलेट व्ह्यू, त्यात हाड वर-खाली सरकले आहे का ते दिसते.

तयारी फारशी लागत नाही. साध्या एक्स-रेला आणि औषध न टोचता होणाऱ्या सीटीला उपाशी राहण्याची गरज नसते, पण आधी लघवी करून यावे आणि शौचालाही होऊन आलेले बरे, कारण आतड्यातला वायू त्रिकास्थीवर, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाच्या तिकोनी हाडावर, सावली टाकतो आणि नेमका तिथला स्क्रू झाकला जातो. कमरेचा करगोटा, ताईत, धातूची चेन असलेली पॅन्ट आणि खिशातली नाणी आधीच काढून ठेवावीत. पहिल्या आठवड्यात कुशीवर वळणे फार दुखते, म्हणून वेदनाशामक गोळी फोटोच्या वेळेआधी सुमारे अर्धा-पाऊण तास देता येईल का, हे वॉर्डातल्या सिस्टरना विचारून घ्यावे. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना रुग्णाला पायांना धरून ओढू देऊ नये. चादरीसकट, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून, किमान तिघा-चौघांनी उचलावे आणि लघवीची पिशवी अडकलेली नाही ना ते एकाने पाहावे. ऑपरेशन झालेला पाय किती वाकवायचा नाही, हे सर्जनने सांगितलेले असते. तंत्रज्ञाला ते माहीत असेलच असे गृहीत धरू नये.

सीटी स्कॅनचा प्रश्न निराळा आहे. एक्स-रेवर वाटी छान जुळलेली दिसते आणि सीटीवर मात्र दोन-तीन मिलिमीटरची पायरी किंवा फट निघते, असे होऊ शकते, कारण एक्स-रेमध्ये हाडे एकमेकांवर पडून सावल्या मिसळतात. जोएल मॅटा या अमेरिकन सर्जनच्या मोजमापानुसार एक्स-रेवर १ मिलिमीटरपर्यंतचा फरक म्हणजे हाड अचूक बसले, २ ते ३ मिलिमीटर म्हणजे थोडी कसर राहिली आणि ३ च्या वर म्हणजे नीट बसले नाही. सांध्यात घुसलेला स्क्रू, आत राहिलेला हाडाचा तुकडा आणि त्रिकास्थीत मज्जातंतूंच्या छिद्राला खेटून गेलेला स्क्रू या तीन गोष्टी सीटीच खात्रीने दाखवते. म्हणून वाटीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक सर्जन घरी सोडण्यापूर्वी एक सीटी करून घेतात. त्यानंतर दर भेटीला सीटी मागण्यात अर्थ नाही; शेजारपाजारच्यांचा आग्रह हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

साध्या फोटोंचे वेळापत्रक साधारण असे असते: घरी जाण्यापूर्वी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग सर्जन सांगेल तसे वर्षातून एकदा. पैकी सहा आठवड्यांचा आणि तीन महिन्यांचा फोटो सर्वांत निर्णायक, कारण पाऊल नुसते टेकवायचे की त्यावर भार द्यायचा, हे त्यावरून ठरते. दुखत नाही म्हणून हा फोटो टाळून चालायला लागणे हा माझ्या मते या संपूर्ण काळातला सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा आहे.

रिपोर्टमधल्या काही शब्दांनी घर हादरते, त्यांचा अर्थ आधी माहीत असावा. स्क्रूभोवती काळी कडा म्हणजे तो सैल होत असल्याची शंका. पेल्व्हिसच्या पुढच्या सांध्यावरची प्लेट तुटलेली दिसली तरी पुष्कळदा रुग्णाला काहीच त्रास नसतो, कारण तो सांधा मुळात थोडा हलणारा आहे. दुसरे ऑपरेशन लागतेच असे नाही. खुब्याभोवतीच्या स्नायूंत नवे हाड तयार होणे हे प्रामुख्याने मागच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दिसते, त्याच्या ब्रूकर पद्धतीने चार श्रेणी करतात, आणि पहिल्या दोन श्रेणींचा हालचालीवर सहसा फारसा परिणाम होत नाही. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणे हे अधिक गंभीर. खुबा निखळलेला होता अशा रुग्णांत याची भीती जास्त, आणि एक्स-रेवर हा बदल उशिरा दिसतो. मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत नव्याने दुखू लागले तर एमआरआयबद्दल विचारावे. त्यासाठी प्लेट स्टीलची की टायटॅनियमची हे सांगावे लागते. टायटॅनियमने चित्र कमी बिघडते. डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या प्लेट-स्क्रूंचे, स्टिकर लावलेले असतात, ते फाडून टाकू नयेत.

एक प्रसंग वेळापत्रकाबाहेरचा. पोटरी एका बाजूनेच सुजली किंवा दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते; पायाच्या शिरांचा कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) त्याच दिवशी करून घ्यावा, आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठावी. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आहे का, हे तिथे सीटी अँजिओग्राफीने पाहतात.

किरणोत्साराची भीती अनेकांना वाटते. पेल्व्हिसचा एक साधा फोटो अंदाजे ०.६ मिलिसिव्हर्टचा आणि सीटी साधारण ६ चा असतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिळतातच. केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असणे आवश्यक आहे. या मंडळाचे मुख्यालय आपल्याच मुंबईतल्या अणुशक्तीनगरात आहे. गर्भधारणेची शक्यता असेल तर फोटोआधीच सांगावे. जननेंद्रियांवर शिशाचे कवच का ठेवले नाही म्हणून वाद घालू नये, ते नेमके पाहायच्या हाडावरच येते.

आणि शेवटी फाइल. सर्जन नवा फोटो जुन्याशेजारी धरूनच वाचतो, म्हणून अपघाताच्या दिवसाचा आणि ऑपरेशननंतरचा पहिला फोटो दर भेटीला न्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या छायाचित्रात बारीक फट दिसत नाही. केंद्राकडून डायकॉम (मूळ फोटो पूर्ण बारकाव्यांसह जपणारे संगणकीय स्वरूप) स्वरूपातली सीडी किंवा लिंक मागून घ्यावी. पावसाळ्यात फिल्म दमट हवेने एकमेकींना चिकटतात, त्यामुळे त्या मधे कागद घालून, तारखेच्या क्रमाने, कपाटात उभ्या ठेवाव्यात.