लिनक्सचा संगणक एखाद्या कार्डामुळे हँग होत असेल तर दोष कसा शोधावा

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्सच्या संगणकात जादा नेटवर्क कार्ड बसवले आणि तो अधूनमधून हँग होऊ लागला, की बहुतेक जण बटण दाबून तो थेट बंद करतात. तसे करू नये, कारण दोषाचा माग कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींतच सापडतो.

प्रथम शेजारच्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत जाता येते का, ते पाहावे. जाता आले, तर फक्त पडदा गोठला आहे. न आल्यास ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या अंतराने दाबावीत. ही सोय चालू असेल आणि कर्नल प्रतिसाद देत असेल, तर डिस्कवरील माहिती जपून संगणक पुन्हा सुरू होतो. त्यानंतर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ही आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत द्यावी. मागच्या वेळच्या नोंदी त्यात दिसतात, मात्र जर्नल, म्हणजे या नोंदींची वही, डिस्कवर साठवले जात असले पाहिजे. शेवटच्या ओळी डिस्कवर पोचल्याच नसतील, तर पुन्हा हँग होण्याआधी नेटकन्सोल (कर्नलच्या नोंदी नेटवर्कवरून पाठवणारी सोय) चालू करून त्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवाव्यात. त्यासाठी संशयित कार्ड न वापरता मदरबोर्डवरचेच नेटवर्क वापरावे.

खरी परीक्षा पुढे आहे. कार्ड काढून तेच काम, तितक्याच भाराने आणि तितकाच वेळ चालवावे. संगणक स्थिर राहिला, तर कार्ड परत बसवावे, पण 'एलएसपीसीआय -एनएनके' या आज्ञेत दिसणारा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) ब्लॅकलिस्ट करावा, म्हणजे तो आपोआप सुरू होऊ देऊ नये. ड्रायव्हर नसतानाही संगणक हँग झाला, तर संशय कार्ड, स्लॉट किंवा वीजपुरवठ्यावर जातो. हँग झाला नाही, तर आधी ड्रायव्हर आणि कर्नलची आवृत्ती बदलून पाहावी. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीअखेर 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' जोडल्यास कर्नल त्या एका वेळेपुरता कार्डाच्या जोडणीच्या वीजबचतीत हात घालत नाही, आणि कधी कधी तेवढ्यानेच दोष जातो. नोंदींत एईआरच्या (कार्डाच्या जोडणीतील चुका कळवणाऱ्या सोयीच्या) चुका सतत येत असतील, तर 'पीसीआय=नोएईआर' लिहून त्या दडपू नयेत, कारण त्याने फक्त सूचना थांबतात. एका वेळी एकच बदल करावा.

मराठवाड्यात धूळ आणि उष्णता यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू पंख्यांत व हीटसिंकमध्ये अडकून बसतात. वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, कारण कोरड्या हवेत ती अधिक साठते. मग धूळ झाडून, कार्डाचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते दुसऱ्या स्लॉटमध्ये घट्ट बसवावे. वेगळ्या, धडधाकट संगणकातही तेच कार्ड हँग करत असेल, तर ते वॉरंटीत बदलून घ्यावे.